चार मार्क कमी, कारण काही नाही

अगं, सरक अशी जवळ, आणि आधी ते ‘बिचारी’ म्हणणं बंद कर. शारजाहून इथे रास अल खैमाला येतेस ती फक्त ईदला, आणि आल्या आल्या माझ्या शेजारच्या पोरीला बिचारी ठरवून मोकळी! सगळ्या अमिरातीत स्वतःविरुद्ध साक्ष देणारं माणूस एकच असेल, आणि ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतं. अकरा वर्षांची होती तेव्हा हिच्या सायकलने खाली कुणाच्या तरी गाडीवर ओरखडा उठला. कुणी पाहिलं नव्हतं. हिने काचेवर चिठ्ठी लावली, फ्लॅट नंबरासकट. मालक तणतणत वर आला, तर ही वहीत गाडीचं चित्र काढून तयार: ‘अंकल, नॉट वन, टू स्क्रॅचेस.’ तो माणूस इतका गडबडला की ‘खलास, हबीबी, खलास’ करत जिन्यानेच उतरला, लिफ्टचीही वाट पाहिली नाही. माझ्याकडे सांदणं खाते तेव्हा पाचवं उचलताना सांगते, ‘ऑनेस्टली आंटी, लास्ट टाइम वॉज बेटर.’

अशी मुलगी वकीलच होणार, असं तिची आई म्हणते. अशी मुलगी वकील कशी होणार, असं बाप म्हणतो. तो वसईचा, इथे हॉटेलात शेफ आहे, बोलणं मोजकं. तर अमेरिकेतल्या तीन लॉ कॉलेजांनी हिला वेटिंग लिस्टवर ठेवलं. हिने तिघांनाही कळवून टाकलं, प्रवेश परीक्षा पुन्हा देतेय, मार्क वाढतील. दोन महिने दार लावून अभ्यास केला. निकाल आला, तर पहिल्यापेक्षा चार कमी!

आई माझ्या किचनमध्ये येऊन रडली. बाप म्हणाला, ‘मार्क तिकडे आपोआप पोचतात ना? मग वर पत्र कशाला लिहितेस? गप्प बस.’ ‘बट डॅडी, आय टोल्ड देम इट वुड गो अप.’ घरात गलका, म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसली. मी म्हटलं, ‘तब्येत बरी नव्हती, एवढं तरी घाल.’ ‘बट आय वॉज फाइन, आंटी.’ होतीच मुळी. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे दोनदा बिर्याणी वाढून घेतली होती. चार ओळी लिहिल्या आणि मोडक्यातोडक्या मराठीत मला वाचून दाखवल्या. मार्क वाढतील म्हटलं होतं. चार कमी झाले. कारण काही नाही. मला अजून तुमच्याकडेच शिकायचं आहे. पाठवलं, आणि विचारते काय, ‘सांदण आहे?’

एका कॉलेजाने नाही म्हटलं. ते तिने मला लिफ्टमध्येच सांगितलं, वॉचमनलाही. उरलेली दोन अजून गप्प आहेत. हल्ली ही माझ्याकडे बसते तेव्हा फोन पालथा ठेवते. वाजला की माझ्याकडे सरकवते, ‘यू लुक, आंटी.’ मी चष्मा लावून बघते. बहुतेक वेळा सुपरमार्केटची ऑफर असते. ‘कांदे स्वस्त झालेत,’ मी म्हणते. ती हसत नाही.

नमाजानंतर मी तिच्यासाठी दुआ मागते. होईल तिचं, इन्शाल्ला. पण ‘हिला जाऊ दे’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. खरं बोलायची ही तिच्याकडूनच लागलेली सवय, म्हणून सांगून टाकते. तू मात्र आता पुढच्या ईदची वाट बघू नकोस. रास अल खैमा म्हणजे काही अमेरिका नाही. ती समोर राहतेय तोवर एकदा ये.