मागच्या एक्सलचे मिस्त्री

"फिरवा," मिस्त्री म्हणायचे.

नवीन गिऱ्हाइकाला त्यांच्या शेडमध्ये ऐकू येणारा हा पहिला शब्द. ट्रकचा मागचा भाग जॅकवर, दोन्ही बाजूंची चाकं अधांतरी, आणि गाडीचा मालक इस्त्रीच्या कपड्यांत उकिडवा बसून हाताने चाक फिरवतोय, असं दृश्य उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये तुमच्यापैकी कोणी पाहिलं असेल, तर मी कोणाबद्दल लिहितोय ते तुम्हाला कळलं असेलच. अलीकडचं चाक पुढे फिरवलं की पलीकडचं मागे फिरायचं. मालकाच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटेपर्यंत मिस्त्री थांबायचे. मग म्हणायचे, "हां. आता सांगा काय तक्रार आहे ती."

मलाही फिरवावं लागलं. अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पाण्याचा एक जुना टँकर विकत घेतला. तो माझा मावसभाऊ विलास चालवायचा. या एका गाडीच्या जोरावर मिस्त्री मला शेठ म्हणू लागले. त्यांच्या तोंडून शेठ ऐकलं की आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा चुकलेलं असायचंही.

त्या वर्षी चूक मोठी होती. बदलापूरच्या बाहेर एका टेकडीवर सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. लिफ्ट होती, बाग होती, जाहिरातीत डोंगराचा देखावा होता. रस्ता आणि पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. पावसाळ्यात तर लोक छत्री धरून पाण्याच्या टँकरची वाट बघायचे. त्या चढावरच्या लाल चिखलात एक चाक गरगरत असताना विलासने इतका जोर लावला की मागच्या एक्सलचा शाफ्ट तुटला. एक्सलच्या पोटात क्राऊन म्हणून मोठं दातेरी चाक असतं, त्याचेही दात गेले.

मिस्त्रींनी सगळं खोलून जमिनीवर मांडलं आणि मला पाटावर बसवून समजावलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांना वेगवेगळं फिरता यावं अशी सोय एक्सलच्या मध्यभागी केलेली असते. पण चिखलात तीच सोय उलटते. जे चाक घसरत असतं तेच फुकट गरगरतं आणि जे घट्ट जमिनीवर असतं ते ढिम्म उभं राहतं. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात वीस वर्षं मी हेच पाहिलं होतं, त्यामुळे मला लगेच समजलं.

नवीन क्राऊन बसवताना त्यांनी आतून पिवळट कागदाची एक पुडी आणली. त्यात शेंदूर. तेलात कालवून तो क्राऊनच्या दातांना फासायचा, चाक फिरवायचं आणि समोरचे दात शेंदूर कुठे पुसतात ते बघायचं. मधोमध पुसला तर बरोबर. कडेला पुसला तर सगळं उघडून आत कागदासारखी पातळ पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची आणि पुन्हा फासायचं. माझ्या गाडीला हे त्यांनी सहा वेळा केलं. पाचव्या वेळेला मी म्हणालो, चालेल आता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला बाहेर गेलो.

हा शेंदूर यायचा शेजारच्या पूजासामानाच्या दुकानातून. दुकानदार सिंधी, वयाने मिस्त्रींएवढाच. दर आठवड्याला पावशेर शेंदूर नेणारा माणूस त्याने दुसरा पाहिला नव्हता. "बहुत बडा भगत है, हनुमानजी का," तो मला हळू आवाजात म्हणाला, आणि मिस्त्रींच्या पुडीबरोबर दर वेळी उदबत्तीचा एक पुडा तो फुकट द्यायचा. मिस्त्री पक्के बौद्ध. शेडमध्ये बुद्धाच्या तसबिरीशिवाय दुसरं चित्र नव्हतं, स्पेअर पार्टवाल्यांचं कॅलेंडरसुद्धा नाही. पण बोटं बाराही महिने शेंदरी. शेवटी विहारातले एक वडीलधारे काका चौकशीला आले. मिस्त्रींनी त्यांनाही उकिडवं बसवून क्राऊन फिरवायला लावला आणि म्हणाले, "काका, मी दात बघतो, देव नाही." काकांचं समाधान झालं. मात्र जाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाला शेंदराची पाची बोटं लागली होती, आणि घरी त्यांना काय काय खुलासे करावे लागले असतील ते त्यांनाच ठाऊक.

एक्सल दुरुस्त होत आलं तेव्हा मी मुद्दा काढला. दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं लॉक मिळतं, ते बसवून टाका. चिखलात दोन्ही चाकं जोर लावतील आणि गाडी वर चढेल. मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी केली होती. एक लॉक आपोआप लागणारं. मिस्त्री म्हणाले, जे आपल्या मनाने लागतं ते आपल्या मनाने सुटेल याचा भरवसा कोण देणार? दुसरं प्लेटांचं. आपल्याकडच्या चिखलात वर्षभरात प्लेटा गुळगुळीत होतील. तिसरं हवेवर चालणारं, ड्रायव्हरने बटण दाबून लावायचं आणि बटण दाबून काढायचं. त्यात मिस्त्रींनी खोट काढली नाही, फडकं उचललं. हात पुसत म्हणाले, "शेठ, दुसरं काहीही मागा. लॉक मी बसवत नाही."

कारण विचारलं तर पान्याला धार लावायची असते असा चेहरा करून आत गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, स्कूटरवरून बदलापूरला जाताय तर अंबरनाथपर्यंत सोडाल का. रविवारी सकाळी अकराला ते शेड बंद करतात हे सगळ्यांना माहीत होतं. विहारातल्या लोकांना वाटायचं ते कामावर असतात आणि गिऱ्हाइकांना वाटायचं ते विहारात असतात. अंबरनाथला एका इमारतीच्या गेटपाशी त्यांनी थांबायला सांगितलं. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत पन्नाशीचा वॉचमन बसला होता. त्याचा उजवा पाय मांडीपासून खाली कृत्रिम होता.

मिस्त्रींनी पिशवीतून छोटा पाना, पेचकस आणि तेलाची बाटली काढली. जमिनीवर बसकण मारली आणि त्याचा तो खोटा गुडघा दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिला. "प्ले वाढलाय थोडा, ढिला झालाय," म्हणाले. अर्धा तास काम चाललं. दोघं बोलत होते ते कांद्याच्या भावाबद्दल आणि इमारतीच्या सेक्रेटरीबद्दल. मग तिघांनी चहा घेतला. तो माणूस म्हणाला, "या हां पुढच्या रविवारी." मिस्त्रींनी मान हलवली.

परत स्कूटरवर बसताना त्यांनी आपणहून सांगितलं. तो पूर्वी खडीचा टिपर चालवायचा. मिस्त्रींनी त्या टिपरला लॉक बसवलं होतं. महिनाभरात उताराच्या एका वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यावर गेली आणि त्याचा पाय गेला. लॉक चालू राहिलं तर गाडी वळायला कुरकुरते, ओल्या रस्त्यावर भरलेली असली तर सरळच जाते. मालकाने गाडी तशीच भंगारात दिली, पोलिसांनी ब्रेक फेल लिहिलं आणि प्रकरण मिटलं.

"लॉक चालू राहिलं होतं, असं तो म्हणाला?" मी विचारलं.

"त्याने कशाला सांगायला पाहिजे? मला कळत नाही का?"

"पण तुम्ही विचारलंत का कधी?"

"कोणत्या तोंडाने विचारू, शेठ?" मिस्त्री म्हणाले. मी स्कूटर चालू केली, आणि त्यांना तर अंबरनाथपर्यंतच यायचं होतं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बदलापूर स्टेशन समोर होतं.

लॉकशिवायच टँकर पुन्हा सुरू झाला. पंधरा दिवसांनी मी मिस्त्रींना टेकडीवर घेऊन गेलो. खरं सांगायचं तर हट्टाने नेलं. अर्ध्या चढावर टँकरचं एक चाक गरगरलं आणि भरलेली गाडी चार-पाच फूट मागे घसरली. मागे कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायका ओरडत बाजूला पळाल्या. विलासने कसाबसा ब्रेक धरला. मिस्त्री केबिनमधून उतरले, चिखलातल्या खुणांजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "म्हणजे न बसवूनही सुटका नाही."

भंगारात निघालेल्या एका टिपरचं हवेवरचं लॉक त्यांनी स्वतः शोधून आणलं. चार दिवस खपून बसवलं, शेंदूर किती वेळा फासला ते मी मोजलं नाही. पण लॉकचा खटका त्यांनी केबिनमध्ये ठेवलाच नाही. तो लावला मागच्या चाकाशेजारी, चेसिसच्या आतल्या बाजूला. विलास भडकला. लॉक लावायला गाडी थांबवून चिखलात उतरायचं आणि काढायला पुन्हा उतरायचं?

"हो," मिस्त्री म्हणाले. "आणि नाही काढलंस तर हे वाजेल." त्यांनी ट्रक मागे घेताना वाजतो तो गाण्याचा हॉर्न लॉकला जोडला होता. लॉक चालू असेपर्यंत तो वाजतच राहायचा. टेकडीवरच्या लोकांनी या सोयीचा वेगळाच अर्थ लावला. गाणं ऐकू आलं की सातव्या मजल्यावरून हाका सुरू व्हायच्या, पाणी आलं, पाणी आलं. विलास वर पोचेपर्यंत रांग तयार असायची. त्या चढावर गाडी पुन्हा कधी घसरली नाही. मिस्त्री दर महिन्याला विलासला बाजूला घेऊन, खटका काढायला विसरलास का, असं विचारायचे. विलास नाही म्हणायचा. तरी ते खाली वाकून बघायचे.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. शेडमध्ये काम करता करता छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला हे लिहिताना अजून जड जातं. त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. इस्त्रीच्या कपड्यांतले कितीतरी ट्रकमालक सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेजारचा सिंधी दुकानदारही आला होता, आणि त्याने मिस्त्रींबद्दल काही भलतंच सांगू नये म्हणून मी त्याला बाहेर चहाला नेलं.

बाहेर मंडपात अंबरनाथचा तो वॉचमन खुर्चीवर बसला होता. दुकानदार आत गेल्यावर मी त्याच्याजवळ बसलो. म्हणालो, तुमच्या अपघाताची त्यांना फार टोचणी होती. लॉक आपण बसवलं म्हणून.

कोणी ऐकत नाही ना, ते त्याने आधी पाहिलं. मग म्हणाला, "लॉक मी लावलंच नव्हतं त्या दिवशी. कधीच लावलं नाही. मला त्या बटणाची भीती वाटायची. ब्रेक गेला होता, पोलिसांनी लिहिलं ते खरंच होतं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"पहिल्यांदा आले तेव्हा मला माहीतच नव्हतं ते का आले. नंतर, ते आता कोणालाच लॉक बसवत नाहीत असं ऐकलं तेव्हा कळलं." त्याने चहाचा रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. "दर वेळी ठरवायचो, आज सांगू. पण सांगितल्यावर पुढच्या रविवारी कोण आलं असतं हो?"

मला राग आला. इतकी वर्षं एक भला माणूस नसलेलं ओझं घेऊन उल्हासनगरहून अंबरनाथला येत होता आणि हा कांद्याचे भाव सांगत बसला होता. दोन शब्द सुनवायचे म्हणून मी त्याच्याकडे वळलो. पण तो रडत होता, आणि डोळे पुसायलाही त्याने हात वर केला नाही. मी वाकून त्याच्या खुर्चीखालचा कप उचलला.

लोक उठू लागले तेव्हा मी त्याला आधार देऊन रिक्षापर्यंत नेलं. रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "तुमचा टँकर अंबरनाथवरूनच जातो ना?"

जातो, मी म्हणालो.

"रविवारीसुद्धा?"

मी हो म्हणालो. रविवारी आमचा टँकर बंद असतो.