तलावावरचे मास्तर

चकती फेकण्याआधी मास्तर जिभेनं दोनदा 'टिंग टिंग' असा आवाज काढायचे. तो काढल्याशिवाय त्यांचा हात हलायचा नाही आणि आपलाही ते हलू द्यायचे नाहीत. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. डबल बेल दिल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू पुढं जाऊ शकते, हे त्यांना मान्यच नव्हतं.

आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी ईट गावाजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. म्हणजे खरा मास्तर मी. पण तलावावर कुणी "ओ मास्तर" अशी हाक मारली, तर नंतर नंतर मी वळूनही बघत नसे.

खेळ मात्र मी आणला. पुण्याला एका शिबिरात डिस्क गोल्फ शिकून आलो. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती लांबून फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्या लावलेल्या टोपलीत पाडायची, एवढाच तो खेळ. परत आल्यावर गावाजवळच्या तलावाच्या काठानं नऊ टोपल्या उभ्या केल्या. सायकलच्या जुन्या रिमा आणि भूमच्या आठवडी बाजारातून आणलेल्या गुरं बांधायच्या साखळ्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी, लांब डोंगरावर पवनचक्क्या. सकाळी तिथं उभं राहिलं की फेकायचं विसरून माणूस नुसता बघत राहतो.

मास्तर पहिल्यांदा आले ते भांडायला. माझी चकती त्यांच्या चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसली होती. म्हैस बिथरून दूध चोरील, असं त्यांचं म्हणणं. मी माफी मागितली आणि चकती परत टाका म्हणालो. त्यांनी रागानं मनगट झटकलं. चकती दोन बाभळींच्या मधून सरळ गेली आणि टोपलीच्या पायाशी पडली. मी बघत राहिलो. ते माझ्यापेक्षा जास्त बघत राहिले.

"आसं हाय व्हय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तलावावर हजर. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. म्हैस घरी.

महिनाभरात खेळाचा ताबा त्यांनी घेतला. टोपल्यांना आकडे होते, त्यांनी गावांची नावं दिली. पहिली ईट, पाचवी वाशी, नववी भूम. शेवटच्या टोपलीजवळ आलं की ते सगळ्यांना भूमला उतरणाऱ्यांनी पुढं सरका म्हणून सांगायचे. पाळी सोडून कुणी फेकलं, तर त्याला परत मागं पाठवायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बांधावरून डबा द्यायला यायच्या आणि म्हणायच्या, नोकरीत गावंगाव फिरले, आता झाडंझाडं फिरतेत.

आणि एक हट्ट. कुणाची चकती झुडपात हरवली की खेळ बंद. सगळ्यांनी मिळून शोधायचं. "एकबी मागं ऱ्हाया न्हाय पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा भूमच्या बँकेतले एक साहेब आले. त्यांची चकती घाणेरीच्या काटेरी झुडपात गेली. माझ्याकडं दुसरी आहे, राहू द्या, असं साहेब चार वेळा म्हणाले. मास्तरांनी त्यांना लिंबाखाली बसवलं आणि काटे अंगावर घेत तासभर शोधली. साहेबांची मीटिंग बुडाली. चकती त्यांनी मुकाट्यानं घेतली, पुन्हा काही आले नाहीत.

मग आम्ही जोड्यांची स्पर्धा ठेवली. मास्तर आणि मी एका जोडीत. शेवटच्या फेरीत समोर पुण्याहून आलेले नवरा-बायको. आठव्या टोपलीला आम्ही एका फेकीनं पुढं होतो आणि त्या बाईंची चकती पाण्याकाठच्या लव्हाळ्यात नाहीशी झाली. नियम असा, की तीन मिनिटांत सापडली नाही तर एक फेक जादा धरायची. मी चेहरा गंभीर ठेवून घड्याळ बघत होतो. शाळेच्या कपाटात ढालीसाठी जागासुद्धा करून ठेवली होती.

अडीच मिनिटं झाली तेव्हा लव्हाळ्यातून आवाज आला, "घावली." गुडघ्यापर्यंत चिखल माखलेले मास्तर चकतीकडं बोट दाखवत उभे होते. बाईंनी तिथूनच फेकली आणि ती थेट टोपलीत. बरोबरी झाली. नवव्या टोपलीवर आम्ही एका फेकीनं हरलो.

चार दिवस मी तलावावर गेलो नाही. पाचव्या दिवशी मास्तरच शाळेत आले. मधली सुट्टी होती. माझ्यासमोर खुर्चीवर बसले आणि टोपी हातात फिरवत राहिले.

"वाशीच्या स्टँडवर एक म्हातारी पाणी प्यायला उतरली व्हती," ते म्हणाले. "नोकरीचं दुसरंच वरीस. म्या मानसं मोजली न्हाईत. डबल दिली."

म्हातारी लेकीकडं निघाली होती. लेक बाळंतपणाला अडलेली. त्या दिवशी पुढं गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हातारी पोचली, पण लेक तिला जिवंत बघायला मिळाली नाही. हे त्यांना पंधरा दिवसांनी कळलं, त्याच म्हातारीकडून. ती पुन्हा त्यांच्याच गाडीत बसली होती. विचारल्यावर तेवढं सांगितलं.

"तवापास्नं न्हाय जमत, सर. कुणाचं कायबी मागं ऱ्हायलं की पाय उचलत न्हाय."

मी चहा मागवला. बशीतला चहा संपवून ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून शांतपणे म्हणाले, "आन् नवव्या टोपलीवर रिमला लागून भाईर पडली ती चकती तुमची व्हती." ते खरंच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा तलावावर जाऊ लागलो.

पुढं त्यांचे गुडघे फारच धरले. लातूरची लेक दोघांना घेऊन जायला आली. म्हैस पाहुण्यांकडं दिली. जायच्या दिवशी आम्ही खेळत होतो, तेवढ्यात बांधावर जीप थांबली. मास्तर नवा सदरा घालून, काठी टेकत सातव्या टोपलीपाशी आले. एक फेक टाकतो म्हणाले. काकू जीपमधूनच नको नको म्हणत होत्या.

टिंग टिंग झालं. हातात पूर्वीचा जोर नव्हता. चकती वर गेली, उलटी झाली आणि टोपलीजवळच्या बाभळीच्या बेचक्यात जाऊन बसली. मी वेळू आणायला निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या, सर. जागा धरल्याली हाय म्हना."

जीप गेली. चकती तिथंच राहिली. यंदा होल्याच्या जोडीनं तिच्यात चार काड्या टाकून दोन अंडी घातली. मी मास्तरांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी टोपली बाभळीपासून किती पावलांवर आहे ते विचारलं, मग पिल्लं उडून जाईस्तोवर सातवीवर गाडी थांबवायची नाही, असा हुकूम दिला.

सध्या आम्ही सहाव्या टोपलीवरून थेट आठवीवर जातो.