दाजींचं जाड तेल
गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं उभं राहून त्याला गिऱ्हाइकांचा वीट आला होता. कोणी डब्यावरचं चित्र बघून इंजिन ऑइल घेई, कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. पण अडाणीपणात वरचा नंबर त्याच्या दाजींचा, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा.

दाजी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. जन्मभर नळांच्या तक्रारी लिहून घेतल्या, त्या जोरावर जे जे वाहतं त्यातलं सगळं कळतं असा समज. नवी गाडी घेतल्यावर दुकानात आले, तेलाचा थेंब चिमटीत चोळला आणि म्हणाले, "हे तर पाणी आहे. गाडी वीस वर्षं टिकवायचीय मला. जाड दे."

"दाजी, गाडीच्या पुस्तकात पातळच लिहिलंय. आतल्या फटी बारीक असतात. सकाळी गार इंजिनात जाड तेल वर चढेपर्यंत सगळं कोरडं घासतं."

"पुस्तक कंपनीचं. त्यांना इंजिन लवकर मेलेलंच हवं. देतोस, की दुसरीकडे जाऊ?"

त्याने दिलं. पुढे दरवर्षी तोंडातून शब्द न काढता देत राहिला. मनात म्हणायचा, भोगा.

पाचव्या वर्षी सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक येऊ लागली. "तेल पातळ पडतंय," असं निदान करून दाजींनी आणखी जाड नेलं. शेवटी गॅरेजवाल्याने इंजिनाचं झाकण उघडलं. झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, खरवडून निघाला होता. दाजी जमलेल्यांना सांगत होते, हल्ली लोखंडच हलकं येतं.

हा खास मजा बघायला गेला होता. ताईने त्याला बाजूला घेतलं.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना."

"आणि मला?"

तो उघड्या इंजिनाकडे बघू लागला.

"त्या गाडीत मीही बसते. ते कुणाचं ऐकत नाहीत हे लग्नापासून बघतेय मी. पण डबा तू हातात दिलास, तोही कळत असताना. मग जास्त नालायक कोण?"

नवा कॅमशाफ्ट बसला तेव्हा पातळ तेल त्याने स्वतः नेऊन ओतलं. दाजी शेजारी उभं राहून "पाणी, निव्वळ पाणी" म्हणत होते.

आता तेल न्यायला ताईच येते. पुस्तक पर्समध्ये घेऊन. डब्यावरचा जाडीचा आकडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते, आणि मग चष्मा लावून स्वतः पुन्हा तपासते.