ग्लायडरच्या नाकात भंडारा

काल खंडेनवमी झाली. नातीने स्वतःच्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि मला एकदम सांगलीबाहेरचा आमचा धावपट्टीचा माळ आठवला... आणि त्या माळावरचा एक नखशिखांत पिवळा माणूस!

गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमच्या ह्यांचं कुपवाडला पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप होतं आणि डोक्यात एकच भूत... ग्लायडर. म्हणजे इंजिन नसलेलं विमान. खालून यंत्राने तार ओढून वर सोडायचं आणि मग गरम हवेवर घारीसारखं गिरक्या घेत राहायचं.

ह्यांना एक बिल्ला मिळवायचा होता. त्यासाठी एका दमात पाच तास वर राहावं लागायचं, पण हे निम्म्यातच खाली. डोक्यावर काचेसारखं पारदर्शक झाकण, आत ऊन कोंडलेलं. उतरले की तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय आणि चाकाशेजारी बसून उलट्या!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याकडच्या, पालीजवळच्या. माहेरचे भाऊ सगळे फौजेत, त्यामुळे बाई भित्री अजिबात नव्हती. पण लेक उतरला की आधी त्याच्या कपाळाला हात लावायच्या. "तव्यावानी तापलंय गं!" शेवटी त्यांनी ह्यांच्याकडून शब्दच घेतला... दिवाळीपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर ग्लायडर बंद. आणि आईला दिलेला शब्द हे मोडणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हवा आत यावी म्हणून ग्लायडरच्या नाकाला एक गोल भोक होतं, त्याला आतून झडप. ह्यांनी उडायला शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारून ते भोक मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मग त्याला नरसाळं बसवलं... उपयोग शून्य! मी म्हणायची, मी दुष्काळी कवठे महांकाळची, ऊन मला शिकवू नका, डोक्याला ओला पंचा बांधून जा. ऐकतील तर शपथ.

त्या वर्षी खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या हत्यारांची पूजा झाली आणि आत्याबाई अचानक म्हणाल्या, "आन तुज्या त्या पाखराची पूजा कोन करनार रं?" ज्याचा रागराग करायचा त्याचीच पूजा! पण आईचं काळीज ते... लेकाला सांभाळणारं तेच होतं ना.

माळावर जाऊन झेंडूची माळ घातली. मी नारळ फोडण्यात गुंतले होते. तेवढ्यात आत्याबाईंनी पालीहून आणलेला खंडोबाचा भंडारा काढला. लावायला कपाळ काही सापडेना, म्हणून देवाला घास भरवावा तसा मूठभर भंडारा त्या नाकातल्या भोकात भरला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, त्यामुळे हे उडाले दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. वर गेले, तार सुटली, उकडायला लागलं म्हणून झडप उघडली... आणि आत येळकोट!

खालून आम्हाला एवढंच दिसलं, की ग्लायडर एक गिरकी घेऊन सरळ माघारी येतंय. आत्याबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. ग्लायडर टेकलं, झाकण उघडलं आणि आतून नवरदेव बाहेर आला. तोंड पिवळं, मिशा पिवळ्या, शर्ट पिवळा. काळा चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

सगळा माळ हसत सुटला. आत्याबाई मात्र मटकन खाली बसल्या. "माज्याच हातानं घात केला आसता गं मी..." आणि रडायलाच लागल्या.

ह्यांचं लक्षच नव्हतं. हे आत वाकून काहीतरी बघत होते. मग म्हणाले, "आई, रडू नको. हिकडं ये, बघ."

भंडारा बाहेर गेलाच नव्हता. आतल्या आत फिरून ह्यांच्याच अंगावर बसला होता. फक्त झाकणाच्या फटींना बारीक पिवळ्या रेघा होत्या, जिथून थोडी हवा कशीबशी निसटली होती तिथे. "वारा आत घ्यायची खटपट करत बसलो गं. त्याला भाईर जायला वाटच ठेवली न्हाई!"

भरल्या घागरीत आणखी पाणी कसं मावणार? घरात वारा खेळायचा तर मागचं दारही उघडावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सुचलं मलाही नव्हतं!

मग ह्यांनी सीटच्या मागे, ग्लायडरच्या पाठीवर, हवा बाहेर पडायला एक भोक केलं. त्यावर शेपटीकडे तोंड असलेली पत्र्याची टोपी बसवली. वरून वारा सुसाट गेला की आतली शिळी हवा आपोआप ओढली जाणार. पुढचं भोक उलट लहान केलं! तपासणाऱ्या साहेबांनी सगळं नीट पाहून परवानगी दिली. आत्याबाईंनी या वेळी टोपीला बाहेरून भंडाऱ्याचं बोट लावलं... फक्त बोट.

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. हे सकाळीच वर गेले. आत्याबाई बाभळीखाली बसल्या, ना चहा ना पाणी, नजर आभाळात. उन्हं कलली. पाच तास झाले म्हणून शिक्षक ओरडले, तरी ह्यांचं आपलं चाललंयच. "उतर की आता, मुडद्या!" असं आत्याबाई आभाळाकडे बघून म्हणाल्या.

ग्लायडर टेकलं. सगळे हात मिळवायला धावले. आत्याबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि त्यांनी लेकाच्या कपाळाला हात लावला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"गार हाय गं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. दिलेल्या शब्दाचं नाव त्यांनी पुन्हा कधीच काढलं नाही.

आत्याबाई जाऊन खूप वर्षं झाली. हे ऐंशीच्या घरात आहेत. काल पूजा झाल्यावर मी ह्यांच्या कपाळाला भंडारा लावला आणि हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. "अगं, किती वेळ लावतेस?" म्हणून कुरकुरले...

गार आहे हो आत्याबाई, तुमचा लेक.