हत्ती जवळून बघायचा होता

टोकियोत, आमच्या निशी-कसाई भागात चार मराठी डोकी जमली की कोणीतरी म्हणतंच, "काका, आफ्रिकेचं सांगा." मी सांगतो, मग जो तो आपली भर घालतो आणि किस्से फुगत जातात. म्हणून खरे तेवढे लिहून टाकतो. शाळा चौथीत सोडली, शुद्धलेखन तपासत बसू नका.

मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी आम्ही चौघं केनियात गेलो. मी, आमची ही, बँकेतला जोशी आणि आमच्या बिल्डिंगमधले जपानी शेजारी मोरी-सान. जंगल अंबोसेली, हत्तींसाठी प्रसिद्ध. हिचा हट्ट एकच. "हत्ती जवळून बघायचा. पापण्या दिसल्या पाहिजेत. त्याशिवाय मी परत येणार नाही." ही बाई बोलते ते करते.

*

पहिल्या सकाळी हत्ती दिसले, पण पार लांब. जोशी नाचायला लागला. "काकू, बघा, अख्खा कळप!"

हिने डोळे बारीक केले. "विमानात बसवून आणलंत ते म्हशी दाखवायला?"

*

मोरी-सानांनी ड्रायव्हरला विचारलं, "हत्ती किती वाजता येतात?"

"कधीही येतात."

"बरं. उशीर होणार असेल तर कळवतात का?"

*

जपानी माणूस कचरा घरी नेतो, तोही वेगवेगळा करून. मोरी-सानांनी गाडीत दोन पिशव्या लटकवल्या होत्या, एक खरकट्याची, एक प्लास्टिकची. उघड्या टपातून माकड आत आलं आणि प्लास्टिकची पिशवी धरली. आम्ही बोंबललो. मोरी-सान शांतपणे उठले, ती पिशवी काढून घेतली, मान लववली आणि खरकट्याची हातात दिली.

मी म्हटलं, "अहो, त्याला कशाला दिलीत?"

"त्याने चुकीची उचलली होती."

*

शेवटचा दिवस उजाडला तरी हत्ती जवळ येईना. ही माझ्याशी बोलेना. ड्रायव्हरने दुपारी एका झाडाखाली गाडी लावली, म्हणाला, इथे सावलीला येतात, गप्प बसा. धुळीपायी काचा बंद, वर ऊन, पोटात दशम्या. सगळे पेंगलो.

आता टोकियोत जमीन सारखी हलते. लहान धक्क्याला आम्ही डोळेही उघडत नाही, कितीचा असेल तेवढं बोलतो आणि कूस बदलतो.

पुढचं ड्रायव्हरने सांगितलं. एक भला मोठा सुळेवाला आला आणि हिच्या खिडकीला अंग घासायला लागला. डोळा अगदी काचेला. भीतीने ड्रायव्हरचा आवाज फुटेना. गाडी गदागदा हलायला लागली.

जोशी झोपेत म्हणाला, "तीन."

मोरी-सान म्हणाले, "चार."

मी म्हटलं, "तीनच. झोपा."

हिने पदर तोंडावर ओढला. "अहो, गॅस बंद आहे ना, तेवढं बघा."