फणसाला लावलेला पट्टा

आमच्या घरातली पहिली चारचाकी आली, तिच्या दुसऱ्याच दिवशी आईने पुढच्या सीटवर एक भलामोठा फणस ठेवला. ती स्वतः मागे बसली. नव्या गाडीचं कापड मळू नये म्हणून तिथे तिने आधीच गोधडी अंथरली होती. मी गाडी सुरू केली आणि टीं टीं आवाज सुरू झाला.

"कोण बोंबलतंय रे?"

"गाडी. पुढे बसलेल्याने पट्टा लावला नाही म्हणतेय."

"पुढे कोण हाय?"

"फणस. सीटवर वजन पडलं की तिला माणूस वाटतो."

आई हसत हसत उतरली, फणसाला पट्टा लावला, आवाज थांबला. मग तिला नादच लागला. पट्टा हळू ओढला की सुटतो आणि हिसका दिला की अडकतो, हे तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. "ह्याला कळतं कसं?" मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचून तिला समजावलं. घरातला पहिला पदवीधर मी. मी कॉलेजात काय शिकतो, हे आईने कधी विचारलं नव्हतं. फक्त शिकू दिलं. आता ती एकेक बटणाबद्दल विचारायची आणि मला सांगताना फार बरं वाटायचं.

मे महिन्यात आम्ही बहिणीला आणायला अलोऱ्याला गेलो. तिला सातवा सरत आला होता, पहिलं बाळंतपण माहेरी, रत्नागिरीला व्हायचं होतं. आईने तिला पुढे बसवलं, दार लावलं, मागे जाऊन गोधडीवर बसली. मी गाडी काढली. टीं टीं झालं नाही.

पण वळणावर डावीकडे पाहिलं, तर बहिणीच्या छातीवर पट्टा नव्हताच. तो तिच्या पाठीमागून नेऊन खाचेत अडकवलेला होता. मी गाडी कडेला घेतली.

"हे कोणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "खाचेत अडकवला की गाडी गप. फणसाचं चाललं तर हिचं का नाय? पोटावर कसला पट्टा? पोराला आवळशील."

"दादा, मलापण भीती वाटते रे," बहीण म्हणाली.

खरं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. खणातली पुस्तिका काढून पानं उलटली, तर एका पानावर गरोदर बाईचं चित्रच होतं. मी वाचलं: खालचा पट्टा पोटावरून न्यायचा नाही, पोटाखालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवायचा, वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने.

आईने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "म्हणजे दिवस गेल्यावर परकराची नाडी खाली बांधतो तिथं?"

"तिथंच."

"मग असं सांग ना मेल्या! पोटाखाली, पोटाखाली!" ती उतरली आणि तिनेच पट्टा नीट बसवला. "लागतंय काय गो?"

"नाय."

परत बसताना आईने विचारलं, "आत दोघं हायत, हे गाडीला कळतं?"

"नाही. तिला एकच माणूस वाटतो."

"बघ. फणस कळला, पोर नाय कळलं," ती म्हणाली.

संगमेश्वर मागे पडल्यावर एक म्हैस अचानक रस्त्यात आली. मी करकचून ब्रेक दाबला. बहीण जराशी पुढे झुकली आणि पट्ट्याने तिला तिथेच धरलं. मागून मात्र धप्प आवाज आला. आई माझ्या सीटच्या पाठीवर आदळली होती.

"लागलं?" आम्ही दोघांनी विचारलं.

"माझं सोड, तिचं बघ!"

बहिणीने पोटाखाली हात लावून पाहिला, क्षणभर थांबली आणि हसली. "लाथ मारतंय गो आये. जोरात."

म्हैस निवांत पलीकडे गेली. मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात मागे खुडबूड ऐकू आली. आरशात पाहिलं. आई गोधडी गुंडाळून बाजूला सारत होती आणि सीटच्या फटीत हात घालून काहीतरी शोधत होती.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "मागची खाच कुठं असते?"