ओल्या चुन्याची रेघ

काशिनाथराव म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट रोह्याला, आमच्या कंपनीच्या कॉलनीत झाली. माघी गणपतीचा आदला दिवस होता. पेणजवळच्या हमरापूरहून मूर्तीचा टेम्पो आला होता आणि मूर्ती मंडपात नीट बसवून देऊन एक विशीचे गृहस्थ टेनिस कोर्टाच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. कपाळाला गुलाबी रंग लागलेला, नखांत शाडू. मी सर्व्हिसच्या तयारीत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची उजवीकडची रेघ वाकडी हाय."

रेघ वाकडी होती, कारण ती मी आखलेली होती. आमच्या कोर्टाची रीतच होती की अंतिम सामन्याच्या दिवशी कोर्टाच्या चुन्याच्या रेघा गेल्या वर्षीच्या विजेत्याने स्वतःच्या हाताने आखायच्या, आणि एरवीही तो मान मी सोडत नसे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत त्या काळी मुरमाची दोनच कोर्टे होती आणि दोन्हींवर माझ्या तोडीचा कोणी नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतो आहे, पण ते खरेही आहे. अशा माणसाला मूर्ती पोचवायला आलेल्या मुलाने रेघ शिकवावी, याचा मला जो राग आला तो आज एकोणऐंशीव्या वर्षीही पुरता गेलेला नाही.

काशिनाथरावांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. लेखात सर्वत्र आदरार्थी बहुवचन वापरावे, अशीही सूचना आली. ज्यांना मी वर्षानुवर्षे 'अरे काशिनाथ, चेंडू आण' म्हणत आलो त्यांना 'काशिनाथरावांनी चेंडू आणला' असे लिहिताना हात अडखळतो. पण अडखळण्याचे कारण व्याकरण नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण बाकीचे चाळीस लेखक त्यांच्याविषयी चांगले लिहिणारच आहेत, तेव्हा एकाने खरे लिहिले तर बिघडत नाही.

त्याच वर्षी ते आमच्या कंपनीत पॅकिंग खात्यात लागले. रोह्याला मामाकडे राहायचे, शिफ्ट करायची आणि सुट्टी मिळाली की हमरापूरला जाऊन मूर्तींचे डोळे आखायचे, असा त्यांचा क्रम होता. मला सरावाला जोडीदार हवा होता. कॉलनीतले अधिकारी दोन फटक्यांत दमत आणि मग चहाची चौकशी करत. काशिनाथरावांचा हात स्थिर होता आणि पाय थकत नसत. मी त्यांना माझी जुनी रॅकेट दिली, ती कशी धरायची ते दाखवले आणि एकच गोष्ट शिकवली: चेंडू परत कर, बाकी काही करू नकोस. मला खेळायला भिंत हवी होती. तीन वर्षे मी त्या भिंतीवर खेळलो. त्या तीन वर्षांत माझा एकेक फटका, माझी एकेक खोड त्यांच्यासमोरून हजारदा गेली आणि त्यांनी ती हजारदा परत केली. गुरूची विद्या गुरूला फळते म्हणतात. मी तर ती रोज संध्याकाळी, आग्रहाने वाढत होतो.

आता त्या सामन्याबद्दल. काशिनाथरावांच्या आयुष्यातला तो मोठा दिवस, असे या ग्रंथात इतरांनीही लिहिले असेल. माझ्या आयुष्यात तो त्याहून मोठा होता. आमच्या दोन तालुक्यांच्या खुल्या स्पर्धेचा चषक फिरता होता, पण जो सलग पाच वर्षे जिंकेल त्याने तो कायमचा घरी न्यायचा, असा नियम होता. मी सलग चार वर्षे जिंकलो होतो. पाचव्या वर्षी, स्पर्धा सुरू होण्याच्या आधीच, मी सुताराकडून दिवाणखान्यात सागवानी फळी बसवून घेतली. मधोमध चषकासाठी थोडी रुंद. माझी पत्नी सुलभा म्हणाली की आधी चषक येऊ दे. मी म्हटले, येतोच आहे, कुठे जातो. त्या वर्षी पंधराच नावे आली होती आणि सोळावे मिळेना, तेव्हा यादी पुरी करण्यासाठी काशिनाथरावांचे नाव मीच माझ्या हाताने लिहिले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

ते एकेक फेरी जिंकत गेले आणि शिमग्याच्या आधीच्या रविवारी अंतिम सामन्यात माझ्यासमोर आले. त्या सकाळी माझी कंबर धरली होती. रेघा आखायला वाकणे जड जात होते, म्हणून मी चुन्याची बादली त्यांच्याकडे दिली. ते बादली सावलीत ठेवून स्वस्थ बसले. दहा वाजले, बारा वाजले, तरी रेघांचा पत्ता नाही. मी चिडून विचारले तर म्हणाले, "डोळे शेवटी आखायचे असतात साहेब. आधी आखले की कोणाचा ना कोणाचा हात लागतो." हमरापूरच्या कारखान्यांत मूर्तीचे सगळे रंगकाम झाल्यावर, ती कारखान्याबाहेर पडायच्या आधी, अगदी अखेरीस डोळे आखतात. तीच रीत त्यांनी कोर्टाला लावली. साडेतीनला ते लुंगी खोचून खाली बसले आणि दोरी न लावता, नुसत्या नजरेने, सगळ्या रेघा आखून मोकळे झाले. मग मामाच्या घरी जाऊन हातपाय धुऊन, निळी हाफपँट घालून चार वाजता हजर झाले. इतक्या सरळ रेघा त्या कोर्टाने कधी पाहिल्या नव्हत्या. फक्त चुना दाट लावलेला होता आणि अजून ओला होता.

पहिला सेट मी सहा-तीन जिंकला. दुसरा त्यांनी सहा-चार घेतला, आणि मला तेव्हा कळले की भिंतीलाही मत असते. तिसऱ्यात ते पाच-चार पुढे गेले, सर्व्हिस त्यांची, गुण चाळीस-तीस. एक गुण मिळाला की सामना त्यांचा. दोन्ही तालुक्यांतली माणसे कुंपणाला लागून उभी होती. पेणच्या रामवाडीहून, हमरापूरहून त्यांची माणसे टेम्पो करून आली होती. मला का कोण जाणे, सारखी ती सागवानी फळी आठवत होती.

त्यांनी माझ्या बॅकहँडच्या बाजूला, रेघेलगत लांब फटका मारला. मी पोचलो नाही. पण मी पाहिले. चेंडू रेघेवर पडला आणि चुन्याचा एक थेंब उडून माझ्या मोज्यावर बसला. आमच्याकडे रेघांवर पंच नसत. ज्याच्या बाजूला चेंडू पडेल त्याने सांगायचे आणि समोरच्याने मानायचे, अशी पद्धत होती. मी हात वर केला आणि 'आउट' म्हणालो. लगेच त्या जागेवरून बूटही फिरवला. उंच खुर्चीवर बसलेले आमचे कंपनीचे डॉक्टर विजेत्याच्या शब्दावर शंका घेणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी ड्यूस, म्हणजे चाळीस-चाळीस, जाहीर केले.

सर्व्हिस काशिनाथरावांची होती, म्हणून सवयीने तो चेंडू मीच त्यांच्याकडे परत मारला. हात दाखवून अवलक्षण ते हे. मुरमात लोळून लाल झालेल्या त्या चेंडूवर एका बाजूला पांढराशुभ्र चुना लागला होता. त्यांनी तो उचलला, पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही, मूर्तीचा डोळा बरोबर आला की नाही हे पाहायला जेवढा लागेल तेवढाच. आणि त्यांनी तो चेंडू उजव्या मांडीवर, निळ्या हाफपँटला नीट पुसला आणि सर्व्हिस करायला गेले.

तो गेम मी जिंकला. पाच-पाच. त्यानंतरचे दोन्ही गेम त्यांनी घेतले. मी हरलो, आणि तेही अशा माणसाशी ज्याला दोनदा जिंकावे लागले.

बक्षीस समारंभाचे छायाचित्र या ग्रंथात आहे, असे कळते. त्यात चषक हातात घेतलेल्या काशिनाथरावांच्या उजव्या मांडीवर एक पांढरा पट्टा दिसेल. रेघा आखताना लागला असावा, असे सगळे समजत आले. सुलभा त्या दिवशी दुपारी कोर्टावर पाणी घेऊन आली होती. तिने ते छायाचित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली की रेघा तर त्याने लुंगी नेसून आखल्या होत्या, मग पँटला चुना कुठून आला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. दुसऱ्या दिवशी तिने फळीवर रेडिओ ठेवला.

पुढची सगळी कीर्ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. नोकरी सोडून काशिनाथराव पेणला परतले. वर्षातले सहा महिने मूर्ती आणि उरलेले सहा महिने टेनिस, असे करत त्यांनी रामवाडीला मुरमाचे कोर्ट उभे केले. खाडीकाठच्या, मिठागरांवरच्या घरांतली मुले तिथे शिकली, राज्यस्तरावर खेळली. नसीम नावाच्या मुलीचे वडील आखातात होते आणि तिची आई एकटी तिला पाठवायला कचरत होती, तेव्हा काशिनाथरावांच्या पत्नी दोन वर्षे रोज तिला घरून आणून घरी पोचवत होत्या. ती मुलगी आज स्वतः शिकवते. अशा माणसाचा हेवा वाटावा एवढी माझी योग्यता नव्हे, हे मी जाणतो. तरीही वाटतो.

त्या कोर्टाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी मलाच बोलावले आणि सगळ्यांसमोर 'माझे गुरू' म्हणून पाया पडले. तिथला नियम तेव्हा मला कळला. रामवाडीला सामन्याच्या अर्धा तास आधी दोन्ही खेळाडू आपापल्या बाजूच्या रेघा स्वतः आखतात, आणि खेळ चुना ओला असतानाच सुरू होतो. पेणच्या एका पालकांनी सुचवले की त्यापेक्षा रेघांवर पंच नेमा. काशिनाथराव म्हणाले की पोरांनी स्वतः आखलेली रेघ पोरं चुकीची सांगत नाहीत. मी हार गळ्यात घालून व्यासपीठावर बसलो होतो आणि माझे कान तापले होते. टोमणा असेल म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

पाच वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. माझा मुलगा परदेशात. आठ दिवस काशिनाथराव पेणहून पनवेलच्या रुग्णालयात येऊन बसत. एका दुपारी मला राहवले नाही. मी विचारले, "काशिनाथ, त्या दिवशी तू बोलला का नाहीस?" कोणता दिवस, असे त्यांनी विचारले नाही. माझ्या पायाखालची उशी सारखी करत म्हणाले, "चेंडू तुमच्या बाजूला पडला व्हता साहेब. बघायचा हक्क तुमचा. मी कशाला बोलू?"

त्यांनी तेव्हा आरडाओरडा केला असता, निदान पेणला जाऊन चार जणांना सांगितले असते, तर मी त्यांचा राग राग करून कधीच मोकळा झालो असतो. सामना जिंकल्याचा हेवा वर्षभरात ओसरतो. पुसलेल्या चेंडूचा ओसरत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तो चेंडू हातात उंच धरून अख्ख्या रोह्याला दाखवला असता. तो नुसता पुसून टाकणे त्यांना जमले आणि मला जमले नसते, एवढेच माझे सदतीस वर्षांचे दुखणे आहे. हा लेख लिहायला बसलो तेव्हा सुलभा म्हणाली की लिहायचे तर सगळे लिहा, नाहीतर नुसती शुभेच्छांची तार करा. तारा बंद झाल्या, म्हणून सगळे लिहिले.

काशिनाथरावांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा टिकाऊ निघोत, नजर आणि हात असेच स्थिर राहोत आणि त्यांच्या शंभराव्या वर्षी रामवाडीच्या रेघा त्यांनीच आखाव्यात. त्या पाहायला मी नसेन, याचाही मला थोडा हेवा आहेच.

शेवटी संपादक मंडळास एक विनंती. ग्रंथाच्या अखेरीस काशिनाथरावांच्या विजयांची सूची आहे. तीत त्या सामन्याच्या तिसऱ्या सेटपुढे सात-पाच असा आकडा असेल, कारण कॉलनीच्या फलकावर आजही तसाच आहे. तो खोडून सहा-चार असे छापावे. चेंडू रेघेवर पडला होता. बघायचा हक्क माझा होता, आणि मी तो पाहिला होता.